ब्राउझरमधले गाणे अडते कुठे?

ब्राउझरमधल्या प्लेअरवर गाणे वाजते, तेव्हा त्यामागे चार टप्पे असतात. आधी प्लेअरचे पान आणि ते चालवणारा जावास्क्रिप्ट कोड उतरतो. मग सर्व्हरकडून गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येऊ लागतात. ब्राउझर ते उलगडून त्यांचा ध्वनी करतो आणि शेवटी हा ध्वनी स्पीकरकडे किंवा हेडफोनकडे जातो. यांतले काहीही अडले, तरी ऐकणाऱ्याला दिसते एकच: बटण दाबले, पण गाणे नाही. म्हणून उपाय करण्याआधी घोळ कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखावे लागते.

पहिली खूण प्लेअरच्या पट्टीवर मिळते. पट्टी पुढे सरकत असेल आणि आवाज मात्र येत नसेल, तर बहुधा शेवटचा टप्पा अडलेला असतो. टॅबवर राइट-क्लिक केल्यावर साइट म्यूट झाली आहे का ते कळते. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा असतो. तिथे एकट्या ब्राउझरचा आवाज शून्यावर गेलेला असू शकतो. ब्लूटूथ हेडफोन कपाटात पडलेला असतो, पण चालू राहिल्यामुळे गाणे त्यातच वाजत असते, असेही घडते.

पान उघडताच गाणे आपोआप सुरू झाले नाही, तर तो बिघाड नव्हे. क्रोमने एप्रिल 2018 मध्ये 66 व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने मार्च 2019 पासून आपोआप वाजणाऱ्या आवाजाला लगाम घातला. पानावर एकदा क्लिक केले, की वाट मोकळी होते. नेहमीच्या प्लेअरला ही परवानगी कायमची द्यायची, तर फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून ती देता येते.

पट्टीच हलत नसेल किंवा पान अर्धवट दिसत असेल, तर संशय साठवलेल्या फायलींवर घ्यावा. पान लवकर उघडावे म्हणून ब्राउझर जुना कोड कॅशमध्ये ठेवतो. सेवेने प्लेअर बदलला आणि कॅशमधला तुकडा जुनाच राहिला, तर दोघांचे जुळत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबले, की पान नव्याने उतरते.

तेवढ्याने भागले नाही, तर तोच प्लेअर इन्कॉग्निटो खिडकीत उघडावा. तिथे जुन्या कुकीज आणि कॅश नसतात आणि एक्स्टेन्शनही परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. एका चाचणीत तीन संशयित बाजूला होतात. गाणे तिथे वाजले, तर नेहमीच्या खिडकीत एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत. सुरुवात जाहिराती अडवणाऱ्यांपासून करावी. जाहिरातीचा पत्ता अडवताना ती कधी गाण्याचाही अडवतात. एक्स्टेन्शन निर्दोष ठरली, तर त्या एका साइटच्या कुकीज पुसाव्यात. सगळ्या कुकीज पुसल्या, तर इतर साइटवरही पुन्हा लॉग-इन करत बसावे लागते.

इन्कॉग्निटोमध्येही गाणे अडले, तर प्रश्न कुलपाचा असू शकतो. स्पॉटिफायसारख्या सेवा चोरी रोखण्यासाठी गाणी कुलूपबंद पाठवतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते कुलूप गूगलचे वाइडवाइन उघडते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये या कुलपाची, म्हणजे डीआरएमची, चौकट टिक केलेली नसेल, तर असे गाणे वाजतच नाही. ब्राउझर जुना झाल्यावरही हीच अडचण येते, म्हणून तो अद्ययावत करून पूर्ण बंद करावा आणि पुन्हा उघडावा. विंडोज 7 आणि 8.1 वर हा मार्गही खुंटतो, कारण क्रोमची 109 ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती. फ्लॅशवर चालणारे जुने प्लेअर तर कायमचेच गेले; अडोबीने 2020 च्या अखेरीस त्याचा आधार काढून घेतला.

संगणकाचे घड्याळही तपासावे. तारीख चुकली, की सुरक्षा प्रमाणपत्रे मुदतबाह्य वाटतात आणि ब्राउझर सर्व्हरशी बोलायचेच नाकारतो. गाणे सुरू होऊन मध्येच थबकत असेल, तर बहुधा इंटरनेट मंद असते. प्लेअरमध्ये आवाजाचा दर्जा एक पायरी खाली आणून पाहावे.

एवढे करूनही गाणे वाजले नाही, तर एफ12 दाबून नेटवर्क हा भाग उघडावा आणि गाणे पुन्हा लावावे. लाल ओळीत 403 दिसले, तर सर्व्हरने परवानगी नाकारलेली असते. 404 म्हणजे फाइल त्या पत्त्यावर नाही. 500 किंवा त्यापुढचा आकडा सर्व्हरमधला बिघाड सांगतो. शेवटच्या दोन्हींत ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही नसते. तक्रार करताना हा आकडा, ब्राउझरची आवृत्ती, इन्कॉग्निटोमध्ये काय घडले आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय घडले, एवढे कळवले, तर सेवेच्या तंत्रज्ञाला हेच प्रश्न पुन्हा विचारावे लागत नाहीत.