इंग्रजीच्या तासाला घरची भाषा

होटगीच्या आसपासच्या वस्तीवरचे मूल पहिलीत येते तेव्हा इंग्रजी ही त्याची कितवी भाषा असते? सरकारी कागदावर ती दुसरी. प्रत्यक्षात घरात कानडी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी आणि त्यानंतर कुठे इंग्रजी. कुणाच्या घरी तेलुगू असते, कुणाच्या दख्खनी उर्दू, तांड्यावरच्या पोरांची लमाणी. अशा वर्गात उभे राहून "इंग्रजीच्या तासाला मुलांची भाषा वापरावी की नाही?" असे विचारले, तर त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो. मुलांची भाषा म्हणजे कुणाची आणि कोणती?

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. सोलापूरहून निघालेली गाडी इथे आली की एक मार्ग वाडीकडे व पुढे चेन्नईच्या दिशेने जातो, दुसरा विजयपूरवरून गदगला. गावात वीरशैव परंपरेचा बृहन्मठ आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि त्यांची वचने कन्नडमध्ये. याच तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. थोडक्यात, हा मुलूख हजार वर्षे दोन भाषांत बोलत आला आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये हा भाग कोणत्या राज्यात असावा याचा निवाडा देऊ पाहिला. त्या वादात इथे शिरत नाही. मुलांना त्याने काही फरक पडलेला नाही. ती सकाळी आईशी कानडीत भांडतात आणि अकरा वाजता परिपाठाला मराठीत प्रतिज्ञा म्हणतात.

"इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा" हा उपदेश आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाने प्रशिक्षणात ऐकलेला असतो. केंद्रप्रमुख तपासणीला आले की तोवर मराठीत चाललेला तास एकदम "सिट डाउन, ओपन युवर बुक्स"वर येतो. हा नियम आला कुठून, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १८७८ मध्ये मॅक्सिमिलियन बर्लिट्झ याने अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावी भाषा शिकवण्याची शाळा काढली. तिथे शिकवायची भाषा सोडून दुसरी बोलायची नाही, असा दंडक होता. वर्ग लहान, शिकणारे प्रौढ आणि फी भरून आलेले. पुढे ब्रिटनमधून जगभर जाणाऱ्या शिक्षकांना तर हा दंडक सोयीचाच होता, कारण समोरच्या विद्यार्थ्यांची भाषा त्यांना येतच नव्हती. स्वतःची अडचण त्यांनी तत्त्व म्हणून मांडली, असे म्हटले तर फार अन्याय होणार नाही. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली आणि इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवणे उत्तम, या समजावर तिथे जणू शिक्का बसला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये आपल्या पुस्तकात त्या परिषदेतली गृहीतके एकेक करून खोडून काढली. तोवर तीस वर्षे गेली होती आणि नियम आपल्या डी.एड.च्या वह्यांपर्यंत पोचला होता.

त्याआधीचा महाराष्ट्र नेमका उलट टोकाला होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. मग इंग्रजी द्यायचे, त्याचे मराठी. या पद्धतीला आज नावे ठेवतात आणि त्यात तथ्यही आहे. अर्ज बिनचूक लिहिणारा माणूस स्टेशनवर इंग्रजीत दोन वाक्ये बोलायची वेळ आली की गप्प व्हायचा. पण या पद्धतीने त्याला वाचायला शिकवले, हे विसरून चालणार नाही. तिच्यात मराठी होती हा तिचा दोष नव्हता. कान आणि जीभ यांना तिच्यात कामच नव्हते, हा खरा दोष.

आता थोडे लांबचे उदाहरण. दक्षिण कोरियात प्राथमिक शाळांत इंग्रजी १९९७ पासून तिसरीपासून सुरू झाली. २००१ च्या सुमारास तिथल्या शिक्षण खात्याने 'इंग्रजीतून इंग्रजी' असे धोरण आणले आणि शिक्षकांनी तासाला कोरियन टाळावी अशी अपेक्षा ठेवली. २००८ मध्ये नव्या अध्यक्षांच्या सल्लागार मंडळींनी तर इतर विषयही इंग्रजीतून शिकवायचा घाट घातला. त्यावर एवढा गदारोळ झाला की तो बेत गुंडाळावा लागला. शिक्षक मात्र जे करायचे तेच करत राहिले. व्याकरण आणि परीक्षेची तयारी कोरियनमध्ये, खेळ आणि सूचना इंग्रजीत. त्यांचेही बरोबर होते. मुलांचे भवितव्य ठरवणारी तिथली 'सुनुंग' ही प्रवेशपरीक्षा वाचनावर आणि ऐकण्यावर बेतलेली आहे, तिच्यात बोलण्याची चाचणी नाही. ऐकण्याचा भाग चालू असतो तेव्हा देशभरची विमाने उतरायची आणि उडायची थांबवतात. आपल्याकडे होटगी रोडच्या विमानतळावर असा प्रसंग यायला अजून अवकाश आहे.

कोरियाचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे, त्याला आणखी एक कारण आहे. 'मी शाळेत जातो' हे वाक्य घ्या. इथल्या कानडीत ते साधारण 'ना सालिगि होगतीनि' असे होते आणि कोरियनमध्ये 'नानुन हाक्क्योए कान्दा'. तिन्हींत आधी कर्ता, मग ठिकाण, शेवटी क्रियापद. ठिकाण दाखवणारा प्रत्यय तिन्हींत नामाच्या मागे चिकटतो. 'अ' आणि 'द' या इंग्रजी उपपदांसारखे काही तिन्हींत नाही. या साम्याने होमर हल्बर्ट हा अमेरिकी शिक्षक इतका भारावला की १९०५ मध्ये त्याने सोलमध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचे पुस्तक छापले. दोन्ही एकाच कुळातल्या, हे त्याचे म्हणणे भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. पण एक गोष्ट उरतेच. सोलमधले मूल आणि होटगीतले मूल इंग्रजीत जवळपास त्याच जागी अडखळते. दोघेही क्रियापद शेवटी ढकलतात, दोघेही 'द' गिळतात, दोघांनाही 'स्कूल' उच्चारताना जोडाक्षर फोडावेसे वाटते. कोरियन मूल 'सुखूल'च्या जवळ जाते, आपल्याकडे 'इस्कूल' ऐकू येते. म्हणजे या चुका आळशीपणाच्या नव्हेत. घरच्या भाषेने घातलेल्या वळणाच्या आहेत आणि ते वळण माहीत असलेला शिक्षकच त्या लवकर काढू शकतो.

फरक मात्र मोठा आहे. सोलच्या वर्गात सगळ्या मुलांची भाषा एक आणि ती शिक्षकाचीही. तिथे वाद फक्त 'किती कोरियन' एवढाच. होटगीत शिक्षक मराठीत समजावून सांगतो आणि आपण मुलाच्या भाषेत बोललो असे समाधान मानतो. कानडी घरातल्या पहिलीच्या पोराला मात्र त्यातले निम्मेच कळलेले असते. त्याच्या दृष्टीने एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेतून समजावली गेली.

याची उलट बाजूही आहे आणि ती फार थोड्या शिक्षकांच्या ध्यानात येते. काही ठिकाणी कानडी इंग्रजीला मराठीपेक्षा जवळची आहे. मराठीत खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. म्हणून मराठी मूल खुर्चीला बिनदिक्कत 'शी' म्हणते. कानडीत पुरुषाला 'अवनु', बाईला 'अवळु' आणि वस्तूंना, जनावरांना 'अदु'. इंग्रजीचे 'ही, शी, इट' याच खाचेत बरोबर बसते. ज्या मुलाला आपण 'भाषेत कच्चे' म्हणून मागच्या रांगेत बसवले, त्याला ही एक गोष्ट मराठी मुलाच्या आधी जमेल. पण 'अदु' हा शब्द एकदा तरी फळ्यावर यायला हवा. तेलुगू घरातल्या पोराकडेही असेच एक भांडवल असते. समोरच्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद मराठीइतकाच तेलुगूतही आहे. इंग्रजी 'वी'ने दोन्ही कामे भागतात हे मराठी आणि तेलुगू मुलांना एकाच दमात सांगता येते. कानडी मुलाला ते सांगावेही लागत नाही. त्याच्याकडे दोन्हींना मिळून एकच 'नावु' आहे.

आणि काही गोष्टी इथल्या सगळ्यांनाच सारख्या नडतात. 'मला दोन भाऊ आहेत' यातला 'मला' इंग्रजीत कर्ता होऊन बसतो, 'आय हॅव' म्हणून. 'सर आले' हे आदराचे बहुवचन मुले सरळ 'सर दे केम' असे उचलतात. 'दोन वर्षांपासून' याचे 'फ्रॉम टू इयर्स' तर एम.ए. झालेल्यांच्याही तोंडी ऐकू येते. अशा जागी पाच मिनिटे मराठीत किंवा कानडीत खर्च करून दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली, तर पुढची दोन वर्षे वाचतात. नुसत्या इंग्रजीत हा फरक समजावणे जवळजवळ अशक्य आहे.

मग मातृभाषा वापरायची कशी? यावर काम झालेले आहे, फक्त ते आपल्या प्रशिक्षणांत फारसे उतरत नाही. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्ये द्विभाषिक पद्धत मांडली. चित्र दाखवायचे, इंग्रजी वाक्य म्हणायचे, लगेच त्या पूर्ण वाक्याचा अर्थ मुलांच्या भाषेत एकदा सांगायचा आणि मग सराव इंग्रजीतच करायचा. पुढे शिक्षक मुलांच्या भाषेत वाक्य म्हणतो आणि मुले ते इंग्रजीत म्हणून दाखवतात. यात घरची भाषा शिक्षकाच्या तोंडी आहे, मुलांच्या तोंडी इंग्रजीच, आणि सराव वाढला की घरची भाषा आपोआप मागे सरते. जर्मनीतल्या वोल्फगांग बुट्झकाम यांनी तेच आणखी सुटसुटीत केले. 'क्लोज द डोअर', मग हळू आवाजात 'दार लाव', मग पुन्हा 'क्लोज द डोअर'. तिसऱ्या दिवशी मधले वाक्य गळते. गंमत म्हणजे हे करणारे कित्येक गुरुजी आणि बाई आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांनी डॉडसनचे नाव ऐकलेले नसते. तपासणीच्या दिवशी मात्र आपण काही गुन्हा करतो आहोत असे त्यांना वाटते.

खरी हानी वेगळ्याच सवयीने होते. धड्यातली ओळ वाचायची, तिचे मराठी सांगायचे, पुढची ओळ वाचायची. गाईडमध्ये तर सगळा अर्थ छापलेलाच असतो. पंधरा दिवसांत मुले इंग्रजी ओळ कानाआड करून मराठीची वाट पाहू लागतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आयता अर्थ मिळणार असेल तर कान कोण ताणेल? घरच्या भाषेने इंग्रजीची जागा घेतली की तास बुडाला. तिने इंग्रजीकडे जायची वाट दाखवली तर तास सार्थकी लागला. हा भेद नीट शिकवण्याऐवजी आपण सरसकट बंदी घालतो. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तर मातृभाषेत बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेतात. त्यातून इंग्रजी वाढत नाही, मधल्या सुट्टीतली बडबड तेवढी कमी होते. याला शिस्त म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. ते शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्यातल्या बहुतेकांनी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली होती. त्यांना 'फक्त इंग्रजीत बोला' सांगणे म्हणजे तासाला गप्प बसा म्हणण्यासारखेच होते. अलीकडे बालभारतीने पहिलीसाठी मराठीसोबत इंग्रजी संज्ञा देणारी एकात्मिक द्विभाषिक पुस्तके काढली, ही चांगली सुरुवात आहे. पण 'द्विभाषिक' म्हणताना त्यातल्या दोन भाषा मराठी आणि इंग्रजी हेच गृहीत आहे. बालभारती कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांसाठीही पुस्तके छापते. मराठी शाळेत बसलेल्या कानडी घरातल्या मुलाच्या हाती त्यातले काहीच येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला द्यायचा तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांचा. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटली. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडवर रकाने भरले. पण पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यांच्याबद्दल जे लिहिले, त्यात मुलींच्या घरची भाषा कन्नड असल्याने त्यांनी ती शिकून घेतली, याचाही उल्लेख होता. त्याकडे फार कमी जणांचे लक्ष गेले. क्यूआर कोड पुढे सगळीकडे पोचला. कन्नड शिकायचे कुणाला सुचले नाही.

सगळ्या शिक्षकांनी चार भाषा शिकाव्यात असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. बदल्या होतात, कोकणातला शिक्षक होटगीला येतो आणि होटगीचा गडचिरोलीला जातो. पण दोनशे शब्द, वीस वाक्ये आणि वर्गातल्याच एखाद्या चुणचुणीत पोरीची दुभाषी म्हणून मदत, एवढे कुणालाही जमते. इंग्रजीचा नवा शब्द आला की "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" हा प्रश्न विचारायला तर कुठलीच भाषा यावी लागत नाही. त्याने दोन गोष्टी साधतात. शब्द पक्का होतो, आणि मागच्या रांगेतले पोर पहिल्यांदाच हात वर करते.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये 'मातृभाषा' असा रकाना असतो आणि तोच पुढे दाखल्यावरही येतो. येत्या जूनमध्ये नाव घालायला पालक येतील तेव्हा तो रकाना सवयीने भरू नका. घरात काय बोलतात हे आईला विचारा, तेच लिहा, आणि ती यादी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्या. यासाठी वेगळा निधी लागत नाही, शासन निर्णयाचीही वाट पाहायला नको.