पेशीतली ‘जंक फाईल’ आणि कॅन्सर: लाँग नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे काय?

मागच्या महिन्यात कशेळ्याला घरी गेलो, तेव्हा आत्याने मोबाईल पुढे केला. “हे बघ रे, रक्ताच्या एका थेंबातला आरएनए बघून कॅन्सर कळतो म्हणे. करून घेऊ का?” व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड होता, खाली पैसे भरायची लिंक. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. म्हणून आधी वाचलं, मग उत्तर दिलं.

आधी आरएनए समजून घेऊ

डीएनए म्हणजे पेशीतला मूळ कोड. त्यातल्या हव्या त्या भागाची कामापुरती कॉपी निघते, ती आरएनए. आरएनएवरून प्रोटीन बनतं, हे शाळेत शिकलोय. पण प्रोटीनचा कोड आपल्या डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी भागात असतो. उरलेल्याला बरीच वर्षं ‘जंक’ म्हणायचे.

फोनचं स्टोरेज भरलं की आपण अनोळखी नावाच्या फाईली उडवतो, आणि मग एखादं अ‍ॅप उघडतच नाही. उडवलेली फाईल स्क्रीनवर काही दाखवत नव्हती, पण अ‍ॅपच्या सेटिंग्ज तिच्यातच होत्या. या ‘जंक’मधूनही आरएनए निघतात. त्यातले २०० अक्षरांपेक्षा लांब आणि प्रोटीन न बनवणारे, ते लाँग नॉन-कोडिंग आरएनए. कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं बंद, हे ठरवण्यात यातल्या अनेकांचा हात असतो.

यात कॅन्सर कुठे आला?

सेटिंग बिघडली तर चांगला कोडही चुकीचा चालतो. ‘हॉटएअर’ नावाचा असा एक आरएनए २००७ मध्ये सापडला. जनुकं बंद करणाऱ्या प्रोटीनांच्या टोळीला तो डीएनएवरच्या ठरावीक जागा दाखवतो. २०१० मध्ये असं दिसलं की स्तनाच्या ज्या गाठींत हॉटएअर फार वाढलेला होता, त्या रुग्णांत कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचा धोका जास्त होता. प्रयोगशाळेत हॉटएअर मुद्दाम वाढवला, तेव्हा ती टोळी भलत्याच जागी जाऊन बसली आणि कॅन्सरच्या पेशी जास्त आक्रमक झाल्या.

आपल्याच जिल्ह्यातलं संशोधन

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने सुमारे १,००० स्त्रियांवर एक चाचणी केली. स्तनाच्या ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन. निकाल २०११ मध्ये आला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर ठळक फरक नव्हता. पण ज्यांचा कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, त्यांच्यात ५ वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनमुळे सुमारे ६७ वरून ७६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं.

असं का व्हावं? याचा शोध टाटाच्याच खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाने घेतला. खारघर म्हणजे आपल्या रायगडातच. २०२२ मध्ये त्यांनी ‘डीएसकॅम-एएस१’ या लाँग नॉन-कोडिंग आरएनएकडे बोट दाखवलं. हा आरएनए एका छोट्या आरएनएला स्पंजसारखा धरून ठेवतो. तो छोटा मोकळा असता, तर त्याने इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाला लगाम घातला असता. प्रोजेस्टेरॉन दिलं की स्पंज कमी होतो, छोटा आरएनए सुटतो आणि पेशींचं पसरणं मंदावतं. हे दिसलंय ते प्रयोगशाळेतल्या पेशींत, हे लक्षात ठेवा.

मग त्या फॉरवर्डचं काय?

अशा आरएनएवरची एक टेस्ट खरंच आहे. ‘पीसीए३’ हा आरएनए लघवीत मोजतात. अमेरिकेने तिला २०१२ मध्ये मान्यता दिली, तीही प्रोस्टेटची आधीची बायोप्सी निगेटिव्ह आलेल्या पुरुषांत पुन्हा बायोप्सी करायची का, हे ठरवायला मदत म्हणून. एका थेंबात सगळे कॅन्सर सांगणं ही फार लांबची गोष्ट.

आत्याला म्हटलं, “पैसे भरू नकोस. पण स्तनात गाठ लागली, किंवा तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच आपल्या ग्रामीण रुग्णालयात दाखव.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “गाठ आहे रे. दिवाळीपासून.”

फॉरवर्ड का आला होता ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केसपेपर काढला. पुढच्या तपासण्या चालू आहेत. तुमच्या घरी कुणी असा मेसेज दाखवला, तर ‘फेक आहे’ म्हणून फोन परत देऊ नका. का विचारताय, ते आधी विचारा.