गाव उठले, चर्च राहिले

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या टेकड्यांमधल्या एका दरीत सेंट मार्टिनचे चर्च उभे आहे. छप्पर नाही, मनोरा अर्धा ढासळलेला. भोवती गवतात बुडालेले घरांचे चौथरे. हे वॉरम पर्सी. १५००च्या सुमारास हे गाव उठले.

प्लेगने ओसाड पडले असेल, असे कोणालाही वाटावे. पण १३४८-४९च्या साथीनंतरही गाव नांदत होते. लोकरीला भाव आला, नांगरटीपेक्षा मेंढ्या जमीनदाराला परवडू लागल्या आणि उरलेल्या कुळांना घरे सोडावी लागली.

गावाची चढती-उतरती कळा चर्चच्या भिंतींतच वाचता येते. माणसे मावेनात तेव्हा मूळच्या लहान वास्तूला बाजूने दालने जोडली गेली. वस्ती आटली तशी ती पाडून कमानी चिणून टाकल्या. बुजवलेल्या त्या कमानी आजही भिंतीत दिसतात. मला तरी कुठल्याही दप्तरापेक्षा ही नोंद अधिक खरी वाटते.

गाव गेल्यावरही चर्च टिकले, कारण थिक्सेनडेलसारख्या शेजारच्या वस्त्यांचे ते पॅरिश चर्च होते. लोक टेकड्या ओलांडून प्रार्थनेला येत, आपली माणसे इथेच पुरत. १८७०मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचे चर्च झाले आणि इथली वर्दळ मंदावली. १९४९नंतर नियमित उपासना थांबली. मग छपराचे शिसे चोरीला गेले आणि १९५९मध्ये मनोरा कोसळला.

तोवर इतिहासकार मॉरिस बेरेसफोर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांचे उत्खनन रंगात आले होते. १९५० ते १९९०, दर उन्हाळ्यात. चर्च आणि दफनभूमीतून ६८७ सांगाडे मिळाले. एरवी इतिहासात ज्यांचे नावही येत नाही, अशी ही शेतकरी माणसे, त्यांच्या बायका, त्यांची लेकरे. हाडांवरून कळले, की बाळे दीड वर्षापर्यंत अंगावर पीत. पुढे मात्र वाढ खुंटे: दहा वर्षांचे मूल आजच्या मुलापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर बुटके. एकाच्या कवटीला मार बसला होता. कोणीतरी तिथले हाड काढून उपचार केला आणि जखम भरली. खेड्यात असा हात असलेला माणूस होता, हे मला फार मोलाचे वाटते.

सांगाड्यांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. संशोधकांचा कयास असा, की तरुण मुली कामासाठी यॉर्क शहरात जात, आणि पुष्कळ जणी तिथेच राहत.