'ओमान' : स्वतःस उणे लेखण्याचा अर्थ

देवगाव फाटा (जि. परभणी) येथे वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असता एका उपासकाने आम्हांस विचारले, "'मी इतरांच्या बरोबरीचा आहे' हेही पालीत 'मान', म्हणजे अहंकारच, ठरते. मग 22 प्रतिज्ञांतील समतेचे काय?" प्रश्न रास्त होता. त्यासाठी 'ओमान' हा शब्द प्रथम पाहिला पाहिजे.

'अव' या उपसर्गाचा पालीत पुष्कळदा 'ओ' होतो. आज मराठीत अवमान करणारा दुसरा कोणी असतो. अभिधम्मपिटकातील 'विभंग' ग्रंथात मात्र मानाच्या सात प्रकारांत येणारा ओमान म्हणजे माणसाने स्वतःसच उणे लेखणे होय. 'अत्तवञ्ञा', म्हणजे स्वतःची अवज्ञा, हा त्याचा एक पर्याय. माणूस कशाकशावरून स्वतःस उणा लेखतो, हेही तेथे सांगितले आहे : जाती, गोत्र, कुल, रूप, धन, अध्ययन, शिल्प इत्यादी. आरंभ जातीने व्हावा, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगणे नको. 1966 व 1991 साली रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा त्याचा विनिमय दर खरोखरच उतरला. ओमानात मोल आहे तेथेच राहते, मापच खोटे असते.

मात्र ज्यांना शतकानुशतके हीन ठरविले गेले, त्यांच्या न्यूनभावाचा दोष त्यांच्याच माथी मारण्यासाठी हा शब्द कोणी वापरू नये. दुसऱ्यास तुच्छ लेखणारा 'अतिमान' त्याच सात प्रकारांत आहे, आणि आमच्या समाजात ओमान त्याच्याच पोटी जन्मला.

आता उपासकाचा प्रश्न. 'मी श्रेष्ठ', 'मी समान', 'मी हीन' या तिन्ही मानांत 'मी' तराजूत बसलेला असतो. नवव्या प्रतिज्ञेतील समता एकट्या 'मी'विषयी नाही, सर्व मनुष्यमात्राविषयी आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात तिचा आधार सापडतो : वनस्पती, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातिभेदाच्या निसर्गसिद्ध खुणा आहेत, माणसामाणसांत तशा नाहीत. म्हणजे माणसे मोजून समान भरली असे नव्हे. जन्माचे मापच येथे लागू पडत नाही.

हे ऐकून उपासक म्हणाले, "पण गावात अजून त्याच मापाने मोजतात." ते खरेच आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे दिलेल्या प्रतिज्ञांत नववीपाठोपाठ दहावी येते, ती समता प्रस्थापित करण्याच्या प्रयत्नाची. पुढील वाचन तीवरच ठेवावे, असे त्या दिवशी ठरले.