हवामानबदल : प्रतिबंध की जुळवणूक? आटपाडीचा अनुभव

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे जितका पाऊस पडतो, त्याचा साधारणपणे दहावा हिस्साच पूर्वेकडील माणदेशाच्या वाट्याला येतो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका या पर्जन्यछायेत वसलेला आहे. माणगंगेचे पात्र वर्षातील बहुतेक काळ कोरडे असते. पाऊस हुकला की मेंढरे घेऊन घरदार सोडावे लागे. याच भागातील माडगूळचे सुपुत्र व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘बनगरवाडी’ या १९५५ च्या कादंबरीत असेच एक ओस पडणारे गाव चित्रित केले आहे.

आज साऱ्या जगापुढे जो प्रश्न उभा आहे, तो या तालुक्याला म्हणूनच नवा वाटणार नाही. पृथ्वीचे हवामान बदलत आहे. समाजाने हा बदल रोखण्यासाठी शक्ती वेचावी, की तो अटळ मानून त्याच्याशी जुळवून घ्यावे?

जुळवणुकीची परंपरा

जुळवून घेण्याची विद्या माणदेशाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. थोड्या पाण्यावर येणारी बाजरी व ज्वारी, काटक खिलार जनावरे, मेंढपाळी आणि अलीकडच्या काळात डाळिंबाच्या बागा ही तिचीच रूपे होत. १९७२ च्या दुष्काळानंतर विस्तारलेली रोजगार हमी योजना हीसुद्धा व्यापक अर्थाने जुळवणूकच होती. तिचे प्रवर्तक वि. स. पागे सांगली जिल्ह्यातीलच विसापूरचे.

पुढे १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर, गणपतराव देशमुख आदींच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यातील आपला वाटा मागितला. १९९६ मध्ये टेंभू उपसा सिंचन योजनेचे काम सुरू झाले. कराडजवळ उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने चढवून या पठारावर आणले गेले. या चळवळीने केवळ पाणी मागितले नाही, तर ते समन्यायी पद्धतीने, भूमिहीन कुटुंबासही हक्क देऊन वाटावे, असा आग्रह धरला. जुळवणुकीचा लाभ कोणाला, हा प्रश्न तिने ऐरणीवर आणला.

जुळवणुकीची मर्यादा

तथापि २०१९ च्या अनुभवाने या मार्गाची मर्यादाही दाखविली. त्या वर्षी उन्हाळ्यात तालुक्यात चारा छावण्या व टँकर चालू होते. आणि ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्यातील सांगली शहर कृष्णेच्या महापुरात बुडाले. एकाच जिल्ह्याने एकाच वर्षी दोन्ही टोके पाहिली.

अशा घटनांमागे निसर्गाची नेहमीची लहर असतेच; पण तापमानवाढ तिची धार वाढविते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिणामी पाऊस पडतो तेव्हा तो कमी वेळात, अधिक जोराने पडण्याची शक्यता वाढते. दोन सरींमधील कोरड्या काळात जमिनीतील ओलही लवकर उडून जाते. कोरड्या हवेत पोसलेल्या डाळिंबावर अवेळी पाऊस व दमटपणा आला, की ‘तेल्या’ रोग फैलावतो. ज्या पिकाने दुष्काळावर मात केली, तेच अतिवृष्टीपुढे हतबल होते. बदलाला अंत नसेल, तर जुळवणुकीलाही अंत राहणार नाही. आणि तिचा खर्च झेपेनासा होताच प्रथम मोडून पडेल ते अल्पभूधारकाचे व मेंढपाळाचे घर.

प्रतिबंधाची मर्यादा

म्हणून मूळ कारण आवरणे अपरिहार्य ठरते. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवण्याचा करार २०१५ मध्ये पॅरिस येथे झाला. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले. परंतु एकदा हवेत गेलेल्या कर्बवायूचा मोठा अंश शतकानुशतके तेथेच राहतो. उद्या साऱ्या चिमण्या थंडावल्या, तरी झालेली तापमानवाढ लगेच मागे फिरणार नाही. शिवाय माणदेशाने धूर न सोडल्याने जगाचे तापमान उतरणार नाही. ज्यांनी हे संकट ओढवण्यात सर्वांत कमी भाग घेतला, त्यांना केवळ प्रतिबंधाची वाट पाहा, असे सांगणे न्यायाचे नव्हे.

दोन्ही मार्गांचा संगम

वास्तविक हे मार्ग परस्परविरोधी नाहीत. उपसा सिंचनाचेच उदाहरण घ्यावे. पाणी चढवावयास प्रचंड वीज लागते. ती कोळशातून आली, तर आजची जुळवणूक उद्याच्या संकटात भर घालते. तीच वीज सूर्य व वारा यांपासून मिळाली, तर एकाच कामातून दोन्ही हेतू साधतात. माणदेशात ऊन मुबलक आहे. कृषिपंपांना दिवसा सौरवीज पुरविण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये योजनाही सुरू केली. बांधबंदिस्ती, कुरणविकास व स्थानिक वृक्षांची लागवड यांनी माती ओल धरते आणि काही प्रमाणात कर्बही साठविते. मात्र पाणी आले म्हणून उसासारखी अतितहानलेली पिके वाढली, तर ओल, वीज आणि समता या तिन्हींचा ऱ्हास होईल.

येथे गावाची जबाबदारी सुरू होते. ग्रामपंचायतीने पावसाळ्याअखेरीस उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावा व त्यानुसार पीकरचना ठरवावी. शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवावी. अधिकाऱ्यांनी टंचाई आराखडा आखताना महापूर व अतिवृष्टीचाही विचार करावा. आग विझविणे आणि घरातील माणसे बाहेर काढणे यांत निवड करावयाची नसते. दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.