भीती, भयगंड आणि चारचौघांतली धास्ती

गोंदिया हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरणाऱ्याला नाग, मण्यार, घोणस यांची भीती वाटते आणि ती शहाणपणाचीच असते. तिच्यामुळे माणूस पायाखाली बघतो, रात्री बॅटरी घेऊन निघतो. मात्र पुस्तकातले सापाचे चित्र पाहूनही छाती धडधडू लागली, शेतात जाणेच सुटले आणि हे सहा महिन्यांहून अधिक चालले, तर तो भयगंड समजला जातो.

साप, कुत्रा, उंची, पाणी, वीज, लिफ्ट अशा ठरावीक गोष्टींचे भयगंड बहुधा लहानपणीच सुरू होतात. त्यासाठी साप चावलेलाच असावा लागतो असे नाही. मोठ्यांची घाबरगुंडी पाहूनही मूल भीती शिकते.

रक्ताचा आणि सुईचा भयगंड मात्र वेगळा आहे. त्यात रक्तदाब आधी वाढतो, मग एकदम उतरतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळत असल्याने इथे हा भयगंड महागात पडतो, कारण त्यापायी रक्ततपासणीच टाळली जाते. त्यावर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी साधा उपाय रूढ केला: हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताणायचे, चेहरा गरम वाटला की सैल सोडायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा ताणायचे. त्याने रक्तदाब टिकून राहतो.

सामाजिक चिंता बहुधा किशोरवयात डोके वर काढते. यात धास्ती माणसांपेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याची असते. फळ्यापुढे उभे राहणे, ग्रामसभेत बोलणे, बँकेत सगळ्यांदेखत सही करणे, पंगतीत जेवणे जिवावर येते. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणारे मूल वर्गात प्रमाण मराठी बोलताना अडखळते, तो आजार नव्हे. पण हसे होईल म्हणून ते शाळाच बुडवू लागले, तर ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नये. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९८० साली या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

भयगंड आणि सामाजिक चिंता या दोन्हींचे मूळ दुखणे टाळाटाळीत आहे. टाळले की लगेच हायसे वाटते. पण ‘काही झाले नसते’ हे कळण्याची संधी हुकते आणि भीती पक्की होते. म्हणून उपचारात पायरीपायरीने सामोरे जायला शिकवतात: आधी सापाचे चित्र, मग चित्रफीत, मग काचेआडचा साप. प्रत्येक पायरीवर भीती ओसरू लागली की पुढची. सामाजिक चिंतेत मनातले तर्क तपासणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती आणि गरजेनुसार डॉक्टरांनी दिलेली औषधे उपयोगी पडतात. धीर यावा म्हणून दारू घेतल्यास व्यसनाची भर पडते.

उपचारांसाठी गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरबसल्या सल्ल्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.