दृढीकरण ही परीक्षा नव्हे

कॅथलिक मुलांच्या दृढीकरण संस्काराबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज आहे आणि घरच्यांचा दुसरा. बाहेरच्यांना तो धर्मांतराचा विधी वाटतो. पण बाप्तिस्मा झालेल्यालाच तो मिळतो, त्यामुळे इथे कोणी नव्याने ख्रिस्ती होत नाही. घरच्यांचा गैरसमज अधिक नुकसान करतो. मूल मोठे झाले, धर्मशिक्षणाच्या परीक्षेत उतरले, म्हणून हा संस्कार मिळाला आणि शिकणे संपले, असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रातच कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांतात तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरणाचे अभ्यंजन मिळते. आपल्या लॅटिन परंपरेतही चर्चचा कायदा सर्वसाधारणपणे समज येण्याचे, म्हणजे सातेक वर्षांचे वय सांगतो आणि देशोदेशीच्या बिशप परिषदांना वेगळे वय ठरवू देतो. १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे वय खाली आणले. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी दृढीकरण मागे राहिले आणि किशोरवयाशी जोडले गेले. शिवाय हा संस्कार मुख्यतः बिशप देतात. उदाहरणार्थ, वेळापूरसह सारा सोलापूर जिल्हा १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतो. एवढ्या पसरलेल्या मुलखात बिशपांच्या भेटीसाठी थांबावे लागले, तर तो सोयीचा प्रश्न असतो. त्याला पात्रतेची अट समजू नये.

मग धर्मशिक्षणाचे वर्ग हवेतच कशाला, असे कोणी विचारील. ते हवेतच. समज आलेल्या मुलाला योग्य शिक्षण मिळावे, त्याची मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचने त्याला स्वतःच्या तोंडाने पुन्हा देता यावीत, असे कायदाच सांगतो. पाठांतराचे गुण त्यात कुठेच नाहीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलालाही दार बंद नाही. प्रत्यक्ष विधी पाहिला की हे पटते. बिशप अंगठा पवित्र तेलात बुडवून कपाळावर क्रूस रेखतात, पाठीराखा उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवतो आणि उमेदवार ‘आमेन’ म्हणतो. मूल इथे दान स्वीकारते. म्हणूनच पाठीराख्याची निवड मला वर्गाइतकीच मोलाची वाटते. आईवडिलांना ती जागा घेता येत नाही. बाप्तिस्म्याचेच धर्मपिता वा धर्ममाता असल्यास उत्तम. कॅथलिक घरे तुरळक असतील तिथे मुलाची पुढे विचारपूस करणारे हेच माणूस असते. नुसता फोटोपुरता नातलग उभा करू नये.

शिक्षणासाठी वा कामासाठी गाव सोडल्यामुळे ज्यांचे दृढीकरण राहून गेले, त्यांनी संकोच न करता आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटावे. या संस्काराला वयाची वरची मर्यादा नाही.